पत्रातली मुद्रा

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर दोन जुने मित्र बऱ्याच वर्षांनी समोरासमोर आले की पहिला म्हणतो, "जित्ता हाईस व्हय रं अजून?" दुसरा त्याला त्याहून झणझणीत काहीतरी ऐकवतो. मग एकमेकांच्या पाठीत धपाटा, आणि दोघंही चहाला. बाजूनं जाणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही. 'व्हय'वरचा हेल, लांबवलेला 'रं' आणि तोंडभर हसू यांनी वाक्याचा अर्थ केव्हाच सांगून टाकलेला असतो. आमच्याकडं माया शब्दांत फारशी सापडत नाही, ती सुरात असते.

हेच वाक्य ई-मेलमध्ये टाइप केलं की सूर निघून जातो आणि नुसता प्रश्न उरतो. आमच्या कॉलेजच्या बॅचमधला एक जण बेंगळुरूला असतो. त्याची अँजिओप्लास्टी झाली. घरी आल्यावर त्यानं आम्हा सगळ्यांना दोन ओळींची मेल पाठवली. शाहूपुरीतल्या त्याच्या जिवलगानं लगेच उत्तर धाडलं, तेच, महाद्वार रोडवरचं. ती मेल आधी त्याच्या बायकोनं वाचली. ती नागपूरची. तिला ते इतकं लागलं की तिनं ती नवऱ्याला दाखवलीच नाही. पुढं फोनवर उलगडा झाला आणि तिघंही पोटभर हसले. पण शाहूपुरीतल्या त्या मित्राची एकही मेल त्यानंतर हसऱ्या चेहऱ्याशिवाय आलेली नाही. वय साठीकडं झुकलेलं, हाताखाली चाळीस माणसं, आणि हा गडी प्रत्येक पत्राच्या शेवटी न चुकता ते पिवळं तोंड ठेवतो. काहींना ते पोरकट वाटतं. मला त्यात समोरच्याची काळजी दिसते.

बोलण्यातून लिहिण्यात येताना आपण किती सांडत येतो, हे आम्हा कोल्हापूरच्या बायकांना चांगलं ठाऊक आहे. घरात आम्ही "मी येतो", "मी जेवलो" असंच बोलतो. लिहायला बसलं की हात आपोआप "येते", "जेवले" लिहितो. शाळेनं लावलेली शिस्त आहे ती, आणि तिच्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या आईचं बोलणं मी कागदावर उतरवते तेव्हा त्यातली आई थोडी कमी होते.

मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत पत्रव्यवहार सांभाळते. दिवसभर मेल. कोकचा भाव, कास्टिंगचे नग, ट्रक सुटला की नाही, रिजेक्शन किती. ही भाषा कोरडीच असायला हवी आणि ती तशी असते. तरीही या कोरड्या पत्रांत चिन्हं कुठून आणि का शिरतात, याकडं मी आवडीनं लक्ष ठेवत आले आहे. आमच्या एका जर्मन गिऱ्हाइकाच्या मेल दोन ओळींच्या असतात: मागणी आणि सही. एका अवघड पार्टचा नमुना आम्ही तिसऱ्यांदा पाठवला होता. मापं मायक्रॉनमध्ये जुळायला हवी होती. उत्तर आलं की नमुना पास, आणि त्यापुढं एक अपूर्णविराम, एक छोटी आडवी रेघ, एक बंद कंस. फेटलिंग खात्यातले मामा केबिनमध्ये आले होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, हे शेवटी काय छापलंय?" मी मान डावीकडं कलती करून दाखवलं, "साहेब हसायलेत, मामा." मामांनीही मान कलती केली. मग ते बाहेर गेले आणि शॉपमध्ये सगळ्यांना सांगून आले की साहेब हसला. 'पास' या शब्दानं बिल निघालं असतं, पण त्या तीन खुणांनी शॉपमधल्या माणसांपर्यंत शाबासकी पोचली.

त्या तीन खुणांची जन्मतारीख ठाऊक आहे, ही मला फार समाधानाची गोष्ट वाटते. १९ सप्टेंबर १९८२. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या सामाईक फलकावर प्राध्यापक आणि विद्यार्थी एकमेकांना मजकूर लिहीत. लिफ्टमध्ये पारा सांडल्याबद्दल कुणीतरी गंमत केली आणि काहींना ती खरी सूचना वाटली. मग स्कॉट फाल्मन यांनी सुचवलं की गमतीच्या मजकुरापुढं :-) अशी खूण टाकावी, आणि गंमत नसेल तिथं कंस उलटा करावा. इथंही घोळ सुराचाच झाला होता. बोलून दाखवलं असतं तर कुणी फसलं नसतं. आणि खूण विरामचिन्हांचीच का, याचं कारणही साधं आहे. त्या काळच्या संगणकी मजकुराला सगळ्या मिळून १२८ जागा होत्या: इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि यंत्राच्या काही आज्ञा. चित्राला जागा नव्हती. मराठीलाही नव्हती. हाताशी जे होतं त्यातूनच चेहरा करावा लागला.

हाताशी असलेली ती चिन्हंसुद्धा आपल्याकडं उशिराच आली. मोडीत लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचा. शब्दांत अंतर नाही, स्वल्पविराम नाही, उद्गारचिन्ह नाही. एकोणिसाव्या शतकात मराठीत विरामचिन्हं रुजली, आणि त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडींना दिलं जातं. करवीर संस्थानचे मोडी कागद कोल्हापूरच्या पुरालेखागारात आहेत. असा एखादा कागद समोर घेतला की प्रथम डोळा भांबावतो. थोड्या वेळानं लक्षात येतं की खुणा त्यातही आहेत, फक्त त्यांचं काम वेगळं आहे. वर 'श्री'. मग लिहिणाऱ्याची आणि ज्याला लिहिलंय त्याची पायरी सांगणारा मायना. शेवटी मजकूर संपल्याची मुद्रा. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर ती 'मर्यादेयं विराजते' अशी येते, म्हणजे याच्या खाली कुणी काही घुसडायचं नाही.

घरगुती पत्रांतही हे सगळं उतरलं होतं. माझ्या आत्याची आजऱ्याहून येणारी निळी आंतरदेशीय पत्रं आठवतात. 'श्री', तारीख, मग 'चि. … हीस अनेक उत्तम आशीर्वाद'. जागा संपली की घडीच्या पट्टीवर उभं लिहिलेलं, तेही संपलं की कडेनं फिरवत नेलेलं. पाकीट फोडायच्या आधीच पुष्कळ काही कळायचं. चारी कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं असली की कार्य निघालंय. कार्डाचा कोपरा फाडलेला असला आणि वर 'श्री' नसली की कुणीतरी गेलंय. असं कार्ड वाचून झाल्यावर फाडून टाकत, घरात ठेवत नसत. वाचता न येणारी आजीसुद्धा कोपरा पाहून खाली बसायची. एक अक्षर न वाचता बातमीचा रंग सांगणारी याहून नेमकी खूण मला कुठल्याही संगणकात सापडलेली नाही.

पण मायन्याकडं नीट पाहिलं की त्याची मर्यादाही दिसते. तीर्थरूप, चिरंजीव, राजमान्य राजश्री, सा. न. वि. वि.; यातून नातं कळतं, पायरी कळते. लिहिणाऱ्याचं मन कळत नाही. वडील रागावलेले असोत की खुशीत, पत्राच्या वरच्या दोन ओळी त्याच. राग कळायचा तो अक्षरातून. आमचे वडील चिडले की 'र' आणि 'क' यांची टोकं कागद फाडायला निघायची. आत्याचं अक्षर घाईत उजवीकडं झोपायचं, आणि आजारपणात ओळ खाली उतरत जायची. तिनं 'मी बरी आहे' लिहिलं तरी ती उतरती ओळ खरं सांगून जाई. संगणकानं सगळ्यांना एकच अक्षर दिलं. माझं, मालकांचं, बेंगळुरूच्या मित्राचं, सगळ्यांचं अक्षर एकसारखं, सरळ ओळीत, तब्येत ठणठणीत असल्यासारखं. हस्ताक्षर गेलं आणि त्याची जागा रिकामी राहिली. ही पिवळी तोंडं त्या रिकाम्या जागेत आली आहेत असं मला वाटतं, आणि म्हणूनच त्यांना उडवून लावायला माझं मन घेत नाही.

ती सुखासुखी आली नाहीत. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या कंपन्यांकडून येणाऱ्या मेलच्या शेवटी एक सुटं इंग्रजी 'जे' अक्षर असायचं. "थँक्यू" आणि पुढं 'जे'. कुणाच्या तरी नावाचं आद्याक्षर असेल असं आमच्याकडं सगळे धरून चालले होते. भानगड अशी होती की पाठवणाऱ्यानं अपूर्णविराम आणि कंस टाइप केला की आउटलुक आपण होऊन त्याचा हसरा चेहरा करायचं, आणि हा चेहरा विंगडिंग्ज नावाच्या चित्रांच्या फॉन्टमध्ये 'जे'च्या जागी बसवलेला होता. इकडं तो फॉन्ट लागला नाही की हसू जाऊन 'जे' उरायचं. हे समजलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती लग्नपत्रिका. श्रीलिपीत किंवा आकृतीत केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी परदेशी अक्षरांचा आणि आकड्यांचा कचरा दिसायचा. कारण तेच. मराठी अक्षरंही तेव्हा इंग्रजीच्या जागांवर पाहुण्यासारखी बसवलेली होती. फॉन्ट सोबत असला तर मराठी, नाहीतर काहीच नाही. छापखानेवाले मजकुराबरोबर फॉन्टही पाठवायला सांगायचे. म्हणजे संगणकाच्या लेखी आपली बाराखडी आणि ते हसू, दोघंही कितीतरी वर्षं सारखेच बिनठिकाणी होते.

ठिकाण दिलं युनिकोडनं. देवनागरीला १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत आपल्या स्वतःच्या जागा मिळाल्या, पण त्या कार्यालयांच्या आणि घरांच्या संगणकांपर्यंत झिरपायला बराच काळ गेला. चित्रांचं घराणं जपानचं. शिगेताका कुरिता यांनी १९९९ मध्ये एनटीटी डोकोमोच्या फोनसाठी १७६ चित्रं केली, प्रत्येक बारा गुणिले बारा ठिपक्यांच्या चौकटीत. युनिकोडच्या ऑक्टोबर २०१० मधल्या ६.० या आवृत्तीत चेहऱ्यांचा मोठा ताफा एकदम दाखल झाला. त्यात जोडलेले हात होते. आणि त्याच आवृत्तीत, केंद्र सरकारनं त्या जुलैमध्ये स्वीकारलेलं, डी. उदयकुमार यांनी रेखलेलं आपलं ₹ हे चिन्हही आलं. रुपया आणि नमस्कार एकाच यादीतून संगणकात आले, ही गोष्ट मी गुळाचा व्यापार करणाऱ्या माझ्या दिरांना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "मग बरोबरच हाय की." त्यांच्या मेलमध्ये आजही दर आणि जोडलेले हात एकाच ओळीत असतात.

या जोडलेल्या हातांनी आपल्याकडं जे काम पत्करलंय, ते पाहण्यासारखं आहे. थकलेल्या बिलाची आठवण करून देणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यात नाजूक भाग. मराठी माणूस पैसे देताना जितका अवघडत नाही तितका मागताना अवघडतो. "अमुक तारखेच्या बिलाचे पेमेंट येणे आहे, कृपया पाहावे" असं लिहिलं की आपल्याच कानाला ते तगाद्यासारखं लागतं. पूर्वी तिथं 'सा. न. वि. वि.' असायचं आणि ते वाक्याची धार बोथट करायचं. आता त्या जागी दोन हात. विंडोज की आणि पूर्णविराम एकत्र दाबायचे, छोटी खिडकी उघडते, त्यात हात शोधायचे, एन्टर. ज्यांना हे जमत नाही ते इन्सर्टमधल्या सिंबॉलमध्ये जाऊन काहीतरी धुंडाळतात. जीमेलमध्ये तर खालीच हसरं तोंड असतं. हात पडले की मागणी तीच राहते आणि माणूस दुखावत नाही. माझ्या अनुभवात पैसेही येतात.

तरीही हे हात वा हे चेहरे मायन्याची जागा पुरती घेत नाहीत. मायना नातं सांगायचा आणि मन सांगत नव्हता. या चित्रांचं नेमकं उलटं आहे. ती मन सांगतात आणि नातं त्यांना ठाऊकच नसतं. मालकाला तेच तोंड, भाच्याला तेच, ज्याला कधी पाहिलंही नाही त्या ट्रान्सपोर्टवाल्यालाही तेच. म्हणून मी आधी शब्दांत नातं लिहिते, 'आदरणीय काका', 'दादा, नमस्कार', आणि चित्र टाकायचंच असेल तर ते त्यानंतर. दोन्ही असलं की पत्र पुरं वाटतं. यात मला एक मोठी मोकळीकही दिसते. वडिलांना 'तीर्थरूप' लिहिणाऱ्या आमच्या पिढीला त्यांच्यापुढं कागदावर हसायची सोय नव्हती. 'साष्टांग नमस्कार' घातल्यावर पुढं थट्टा कशी करणार? माझी पुतणी तिच्या बाबांना 'तीर्थरूप' लिहिते आणि लगेच डोळा मारणारं तोंड टाकते, आणि तिचे बाबा ते पत्र दोनदा वाचतात.

आमच्या शेजारी एक निवृत्त अण्णा आहेत. सरकारी कचेरीत टंकलेखनात आयुष्य गेलेलं, त्यामुळं संगणकावर त्यांनी इन्स्क्रिप्ट कळफलकच शिकून घेतला, रोमन अक्षरांतून मराठी उमटवणं त्यांना पटत नाही. त्यांची नात टोरांटोला असते आणि तिला ते दर रविवारी मराठीत मेल लिहितात. एकदा मला बोलावलं. "अगं, हसू टाकायला जातोय तर छ येतोय की!" मराठी कळफलकावर अपूर्णविरामाच्या त्या कळीवर च असतो आणि शिफ्ट दाबला की छ. आडवी रेघ आणि कंस मात्र जागच्या जागी. त्यामुळं अण्णांच्या पडद्यावर 'छ-)' असं उमटलं होतं. इंग्रजीत जाऊन, खूण टाकून, परत मराठीत कसं यायचं ते मी दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पडद्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कळंल तिला." तिला कळलं. तिच्या उत्तराच्या शेवटी 'छ-)' होतं, आणि आता आजोबा-नातीत हेच हसू चालतं. खरं तर छच्या वळणात एक पोटही आहे आणि शेपूटही, अपूर्णविरामाच्या दोन ठिपक्यांपेक्षा तो कितीतरी जिवंत दिसतो.

आणखी एक गोष्ट अण्णांनाच मी सांगितली आणि ते फार खूश झाले. 'दुसऱ्या', 'साऱ्या', 'तऱ्हा' यांतला तो आडवा पडलेला अर्धा र मराठीचा लाडका. तो उमटवण्याची एक रीत अशी की र, हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण. 'झिरो विड्थ जॉइनर' म्हणतात तिला. हीच जोडखूण चित्रांतही वापरतात. आई, वडील, मूल अशा तीन वेगळ्या चित्रांमध्ये ती घातली की एका चौकटीतलं कुटुंब तयार होतं. जुन्या संगणकाला ती समजली नाही तर कुटुंब सुटतं आणि तिघं ओळीनं वेगळे उभे राहतात. आपल्यासारख्या लिप्यांची अक्षरं सांधायला लागणारी खूण साऱ्या जगाची चित्रं सांधते, याचा मला अभिमान वाटतो.

चिन्ह कुठं नको, हे मला २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानं शिकवलं. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, फाउंड्री बंद, शाहूपुरीत पाणी. पुण्याहून, मुंबईहून, दुबईहून नातेवाइकांच्या मेल आणि मेसेज. उत्तरात आम्ही सगळे एकच गोष्ट लिहीत होतो: राजाराम बंधाऱ्यावरची पातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे पंचगंगेकाठच्या लहान पोरालाही पाठ असतं. त्या वेळी ती ५५ च्या वर गेली. कुणी रडका चेहरा टाकला नाही. आकडा पुरत होता. कोल्हापूरचं माणूस कुठंही असो, ५० वाचलं की त्याच्या पोटात कालवायचं.

तसंच शोकाच्या पत्राचं. कुणी गेल्याची मेल येते आणि तिच्याखाली उत्तरांची रांग लागते, नुसते जोडलेले हात, एकाखाली एक. पाठवणाऱ्यांचा भाव खोटा नसतो. पण बिल मागायला जे हात वापरले, तेच इथं पाहून मला बोचतं. फाटलेला कोपरा दुसऱ्या कुठल्याच पत्राला नसायचा, हे त्याचं मोठेपण होतं. अशा वेळी मी चित्र टाकत नाही. गेलेल्या माणसाची एक आठवण, दोन ओळींत का होईना, लिहून पाठवते.

कुणी म्हणतं, चांगलं लिहिणाऱ्याला या खुणांची गरजच काय? धारवाडला राहून, माणसांपासून लांब राहून, जी. ए. कुलकर्णींनी जी पत्रं लिहिली त्यांत थट्टा, माया, चीड सगळं शब्दांतून पोचतं. मान्य. पण ट्रक सुटल्याची मेल लिहिणाऱ्या डिस्पॅचच्या पोराकडून जीएंच्या गद्याची अपेक्षा कशी करायची? त्यालाही आपलं मन पोचवायचा हक्क आहे. त्याच्याकडं दोन मिनिटं आहेत आणि एक अंगठा दाखवणारं चित्र आहे. ते त्यानं वापरावं.

माझा भाचा यंदा दहावीला आहे. त्यांच्या मराठीच्या पेपरात पत्रलेखन आता ई-मेलच्या धर्तीवर असतं. त्यानं विचारलं, "मावशी, आजोबांना पत्र लिहा असा प्रश्न आला आणि शेवटी स्माइली काढला तर मार्क कापतील काय?" कापतील, असं मी सांगितलं. पण गडहिंग्लजच्या खऱ्या आजोबांना तो पाठवतो त्या मेलमध्ये 'साष्टांग नमस्कार' असतो आणि पाठोपाठ हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं तोंड. आजोबांनी फोन करून विचारलं, "हे रडतंय का हसतंय?" प्रश्न अगदी योग्य होता. ते चित्र लहान आकारात पाहिलं तर मलाही क्षणभर थांबावं लागतं. कुणाला कुठला मायना, हे आम्हाला शाळेत बाईंनी फळ्यावर तक्ता काढून शिकवलं होतं. वडीलधाऱ्यांना काय, बरोबरीच्यांना काय, परक्याला काय. तशाच तक्त्यात आता या चिन्हांचंही अर्धं पान हवं. पैसे मागताना कुठली खूण चालेल, थट्टा करताना कुठली, शोकात काहीच कशी नको, आणि मायना लिहून झाल्यावरच चित्राकडं कसं वळायचं. ते पान कुणी लिहायला सांगितलं तर मी आनंदानं लिहीन. उदाहरणं फाउंड्रीच्या मेलमध्येच पुरेशी आहेत, आणि अण्णांच्या 'छ-)'साठी मी त्यांची परवानगी घेऊन ठेवली आहे.